मूत्रमार्गाचा संसर्ग आणि हुकमी औषधांची हार

लघवीची जळजळ ही आपल्याकडे चारचौघांत बोलायची गोष्ट नाही. ‘उन्हाळी लागली’ असं म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, वाळ्याचं सरबत, बार्ली यांवर दोन दिवस काढले जातात. त्यानं भागलं नाही की घरातलं कुणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातं आणि मागच्या खेपेला लागू पडलेल्या गोळीची अर्धी पट्टी घेऊन येतं. पूर्वी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आराम पडायचा. आता अनेकींना तो पडेनासा झाला आहे. जळजळ तशीच राहते, थंडी वाजून ताप चढतो, कंबरेच्या वर पाठीत दुखू लागतं. आणि जे दुखणं चार-पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरं व्हायचं, त्यासाठी दवाखान्यात दाखल होऊन शिरेतून इंजेक्शनं घ्यावी लागतात.

असं का झालं हे समजून घ्यायलाच हवं, कारण त्यातला बराचसा भाग आपल्या हातात आहे. या दुखण्याची सुरुवात मूत्राशयात होते असं आपल्याला वाटतं. खरी सुरुवात आतड्यात होते, आणि पुष्कळदा लघवीच्या तक्रारीच्या कित्येक महिने आधी, एखाद्या सर्दी-खोकल्यावर विनाकारण घेतलेल्या गोळीपासून होते.

आतड्यातला रहिवासी

थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञानं म्युनिकमध्ये तान्ह्या मुलांच्या शौचाची तपासणी करताना १८८५ मध्ये एका दंडगोलाकार जिवाणूचं वर्णन केलं. पुढे त्याच्याच नावावरून तो एशरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्या जवळपास प्रत्येकाच्या आतड्यात तो असतो आणि तिथे असेपर्यंत सहसा काही त्रास देत नाही. पण एरवी निरोगी असलेल्या माणसाला मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, तेव्हा शंभरातल्या पंचाहत्तर-ऐंशी वेळा हाच जिवाणू सापडतो. उरलेल्यांत क्लेब्सिएला, प्रोटियस, एंटेरोकोकस यांसारखे इतर जंतू येतात.

गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून हे जंतू लघवीच्या जागेपाशी पोचतात आणि तिथून वर चढतात. स्त्रियांमध्ये मूत्राशयापर्यंतची नळी जेमतेम चार सेंटिमीटर लांब असते, पुरुषांमध्ये ती सुमारे वीस सेंटिमीटर. म्हणूनच जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. यात त्या स्त्रीच्या स्वच्छतेत काही कमी असते असं मुळीच नाही. शरीराची रचनाच तशी आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनिमार्गातले उपकारक लॅक्टोबॅसिलस घटतात आणि धोका आणखी वाढतो. मधुमेह, मूतखडा, पुरुषांमध्ये उतारवयात वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आणि लघवीसाठी घातलेली नळी, म्हणजे कॅथेटर, ही इतर कारणं.

लघवीच्या जोरदार धारेबरोबर हे जंतू वाहून का जात नाहीत? ज्या जातींना मूत्रमार्गात टिकाव धरता येतो, त्यांच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. तंतूच्या टोकाला एक प्रथिन असतं आणि ते मूत्राशयाच्या अस्तरावरच्या मॅनोज या साखरेला घट्ट धरून बसतं. काही जंतू तर अस्तराच्या पेशींच्या आत शिरून तिथे वाढतात. लघवी स्वच्छ झाल्यासारखी वाटली तरी संसर्ग पुन्हा उलटण्यामागचं हे एक कारण आहे.

प्रतिकार कुणाचा?

‘माझ्या अंगाला आता ही गोळी लागू पडत नाही’ असं आपण सहज म्हणतो. अंगाचा यात काही संबंध नसतो. गोळीला जुमानत नाही तो जंतू. त्यामुळे ज्या माणसानं आयुष्यात फारशी औषधं घेतलेली नाहीत, त्यालाही औषधांना दाद न देणाऱ्या जंतूचा संसर्ग होऊ शकतो.

जंतूंची ही ताकद नवी नाही. ऑक्सफर्डमध्ये एब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी १९४० मध्येच पेनिसिलीनचा नाश करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जिवाणूंमध्ये शोधलं होतं, आणि ते सापडलं होतं ई. कोलायमध्येच. तेव्हा पेनिसिलीन बाजारातही आलं नव्हतं. बुरशी आणि जिवाणू कोट्यवधी वर्षांपासून एकमेकांवर रसायनांचा मारा करत आले आहेत, त्यामुळे त्या माऱ्यावरचे उतारेही निसर्गात आधीपासून तयार आहेत. आपण अँटिबायोटिकं वारेमाप वापरली आणि ते उतारे जवळ असलेल्या जंतूंना मोकळं रान मिळालं.

हे उतारे निरनिराळे असतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या वर्गातली औषधं जंतूच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या विकरावर नेम धरतात. त्या विकराच्या जनुकात एक-दोन बारीक बदल झाले की औषधाचा नेम चुकतो. काही जंतू आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतात. काही जण औषध आत येण्याच्या वाटाच अरुंद करतात. सगळ्यांत जास्त त्रासदायक ठरले आहेत ते औषध तोडून टाकणारी विकरं बनवणारे जंतू. पेनिसिलीनच्या पुढच्या पिढीतली सिफॅलोस्पोरिनं आली, तेव्हा ती मोडून काढणारी ‘ईएसबीएल’ या नावाची विकरं पुढे आली. त्यांतलं सीटीएक्स-एम-१५ हे विकर पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते २००१ मध्ये, नवी दिल्लीतल्या रुग्णांच्या नमुन्यांतून. आज ते जगभर पसरलं आहे. या विकरांच्या कुळाची जनुकं मुळात क्लुव्हेरा नावाच्या, माणसाला फारसा त्रास न देणाऱ्या जिवाणूंच्या गुणसूत्रावर होती. तिथून ती ई. कोलायकडे आली.

ती आली कशी, हे या प्रश्नाचं मर्म आहे. जिवाणूंमध्ये मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहान वर्तुळं असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. एखादी खास पाककृती कागदावर उतरवून शेजारणीला द्यावी, तशी या वर्तुळाची नक्कल एक जिवाणू दुसऱ्याच्या हवाली करतो. हा दुसरा जिवाणू वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. एकाच प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांवरचे उतारे एकत्र असू शकतात. म्हणून एका औषधाच्या वापरानं निवडून आलेला जंतू त्या रुग्णानं कधीही न घेतलेल्या इतर औषधांनाही दाद देत नाही.

सर्दीची गोळी आणि लघवीचं दुखणं

सर्दी, साधा खोकला, घसा बसणं हे बहुतेक वेळा विषाणूंचे आजार असतात. त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. तरीही ती गोळी पोटात गेली की आतड्यातल्या अब्जावधी जिवाणूंपर्यंत पोचते. साधे ई. कोलाय मरतात, त्यांच्यातले जे थोडे प्रतिकारक्षम असतात ते तगतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत वाढतात. परिस्थिती अनुकूल असली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. सर्दी आपली आपण बरी होते, गोळीला श्रेय मिळतं, आणि आतड्यात वस्ती बदललेली असते. पुढे कधी मूत्रमार्गात जंतू चढले, तर ते या नव्या वस्तीतले असतात.

हा नुसता तर्क नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१० साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. श्वसनमार्गाच्या किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी अँटिबायोटिक घेतलेल्या माणसांमध्ये त्याच औषधाला प्रतिकार करणारे जंतू जास्त आढळतात, हा परिणाम पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो आणि बारा महिन्यांपर्यंत टिकू शकतो, असं त्यात दिसलं.

नेदरलँड्समध्ये परदेश प्रवास करणाऱ्या सुमारे दोन हजार लोकांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवासाआधी ज्यांच्या आतड्यात ईएसबीएल बनवणारे जंतू नव्हते, त्यांच्यापैकी दक्षिण आशियात जाऊन आलेल्या दर चौघांतले तिघं असे जंतू पोटात घेऊन परतले. बहुतेकांच्या शरीरातून ते काही आठवड्यांत गेले. पण एकूण बाधित प्रवाशांपैकी सुमारे ११ टक्क्यांच्या आतड्यात ते वर्षभरानंतरही होते. प्रवासात ज्यांनी अँटिबायोटिक घेतलं होतं, त्यांना हा धोका जास्त होता. काही आठवड्यांच्या पाहुण्यांची ही गत, तर इथेच राहणाऱ्या आपल्या आतड्यांची काय असेल? अन्न, पाणी आणि सांडपाणी यांतून हे जंतू इथे कायम फिरत आहेत.

लघवीच्या एका नमुन्यातून

जानेवारी २००८. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला सापडला. कार्बापेनेम या वर्गातली औषधं तोवर डॉक्टरांची राखीव फळी मानली जात होती. या जंतूनं तीही निकामी केली होती. जस्ताच्या अणूंच्या मदतीनं औषध तोडणारं त्याचं विकर नवं होतं. २००९ मध्ये ते ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, म्हणजे एनडीएम-१, या नावानं जाहीर झालं. नावावरून आपल्याकडे मोठा वाद झाला, पण जंतू खरा होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकातच नोंद केली: ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेमला दाद न देणारे जे २४ जंतू त्यांनी तपासले, त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत हे जनुक आढळल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे ते इस्पितळाच्या भिंतींआड राहिलेलं नव्हतं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांच्या जाळ्यातून ही माहिती गोळा करते. त्या नोंदींनुसार इमिपेनेम या कार्बापेनेमला प्रतिकार करणाऱ्या ई. कोलायचं प्रमाण २०१६ मध्ये १४ टक्के होतं. २०२१ मध्ये ते ३६ टक्क्यांवर गेलं. हे मोठ्या रुग्णालयांत आलेले, बहुधा आधी उपचार झालेले रुग्ण आहेत, त्यामुळे गावातल्या साध्या दवाखान्यात चित्र इतकं वाईट नसतं. पण वाढ कोणत्या दिशेनं आहे, याबद्दल शंका उरत नाही.

कल्चरच्या ताटलीत काय दिसतं

अशा वेळी डॉक्टरांनी अंदाजानं औषध लिहिणं आणि आपण ते घेणं, हा दोघांनाही महागात पडणारा व्यवहार आहे. उत्तर जवळच्या प्रयोगशाळेत मिळतं: लघवीचं कल्चर. युरिन रुटीनमध्ये पू-पेशी किती आहेत ते कळतं. जंतू कोणता आणि त्याच्यावर कोणतं औषध चालेल, हे फक्त कल्चर सांगतं.

नमुना द्यायची पद्धत महत्त्वाची आहे. जागा पाण्यानं धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याच्या आधी. डबी दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवी. नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावी. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात आणि अहवाल चुकतो.

तिथे तंत्रज्ञ ठरावीक मापाच्या तारेच्या कडीनं एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, लघवी ताटलीतल्या पोषक थरावर ओढतात. ताटली रात्रभर उबदार कपाटात राहते. सकाळी त्यावर ठिपके उगवलेले असतात. एक ठिपका म्हणजे मूळ एका जंतूचं सगळं गणगोत. शंभर ठिपके दिसले तर मिलिलिटरमागे एक लाख जंतू, असा हिशेब. लक्षणं असतील आणि एकाच जातीचे जंतू एवढ्या संख्येनं असतील, तर संसर्ग नक्की मानतात. तीन-चार जातींची खिचडी उगवली, तर बहुधा नमुना घेताना त्वचेवरचे जंतू मिसळलेले असतात.

मग तोच जंतू दुसऱ्या, फिक्या पेंढ्याच्या रंगाच्या ताटलीवर सर्वत्र पसरवतात आणि त्यावर सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत एक औषध. आणखी सोळा-अठरा तासांनी ताटली जंतूंच्या धूसर सायीनं भरून जाते, आणि जी औषधं काम करतात त्यांच्या चकतीभोवती स्वच्छ गोल मोकळा राहतो. काही चकत्यांना साय अगदी कडेपर्यंत चिकटलेली असते: ते औषध त्या जंतूपुढे हरलेलं. मोकळ्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून ‘एस’ म्हणजे लागू, ‘आर’ म्हणजे निकामी, असं लिहितात.

हा अहवाल हातात आला की अनेकजण सर्वांत मोठा आकडा शोधतात. ते चूक आहे. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते. सिप्रोफ्लॉक्सासिनभोवती २० मिलिमीटरचा गोल असला तरी ते ‘आर’ ठरतं, कारण तिथे २६ मिलिमीटर लागतात. नायट्रोफ्युरँटॉइनला १७ पुरतात. शिवाय औषध लघवीत किती उतरतं, मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेला आहे का, रुग्ण गरोदर आहे का, हे सगळं डॉक्टरांनाच पाहावं लागतं.

जुनी औषधं, नवी औषधं

दिलासा देणारी गोष्ट अशी की मूत्राशयापुरत्या मर्यादित संसर्गावर दोन जुनी औषधं आजही बऱ्यापैकी खणखणीत आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन १९५३ पासून वापरात आहे. ते जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून त्यावरचा उतारा जंतूला सहज सापडत नाही. ते घेताना लघवी गडद पिवळी-तपकिरी होते. त्याला घाबरायचं कारण नाही. दुसरं फॉस्फोमायसिन, स्पेनमधल्या मातीतल्या जिवाणूपासून १९६९ मध्ये मिळालेलं. तीन ग्रॅमची पुडी पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची. मर्यादा मात्र आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेसं पोचत नाही, त्यामुळे ताप आणि पाठदुखी असेल तर त्याच्यावर विसंबता येत नाही. मूत्रपिंड कमकुवत असताना आणि गरोदरपणाच्या अखेरीस ते टाळतात. प्रोटियसवर तर ते मुळातच चालत नाही. म्हणजे पुन्हा कल्चर आलंच.

पिंपरीत १९५४ साली सरकारनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभारला, तेव्हा या औषधांना गरिबाच्या आवाक्यात आणणं हे मोठं काम होतं. आजचं काम अधिक अवघड आहे. छत्रपती संभाजीनगरमधल्या वॉकहार्टच्या संशोधन केंद्रात सेफेपिम-झिडेबॅक्टम ही जोडी विकसित झाली आणि मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गावर तिची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी झाली. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत सापडलेल्या एनमेटाझोबॅक्टमच्या सेफेपिमबरोबरच्या जोडीला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हे अभिमानास्पद आहे. पण ही इंजेक्शनं महाग आहेत, गंभीर रुग्णांसाठी आहेत, आणि ती बेफिकिरीनं वापरली तर त्यांचंही तेच होईल.

औषध कधी घेऊ नये

सगळ्यांत मोठी बचत इथे आहे. लघवीत जंतू सापडले म्हणजे संसर्ग झालाच असं नाही. वयस्कर स्त्री-पुरुषांत, मधुमेह्यांत, कॅथेटर असलेल्यांत कसलाही त्रास नसताना कल्चरमध्ये जंतू वाढतात. जळजळ नाही, ताप नाही, पोटात दुखत नाही, तर अँटिबायोटिक देऊन फायदा होत नाही. उलट आतड्यातले साधे जंतू मरतात आणि चिवट जंतूंना जागा मिळते. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणार असलेले रुग्ण हे ठळक अपवाद. त्यांना लक्षणं नसली तरी उपचार करावे लागतात. म्हणून घरातल्या आजी-आजोबांच्या ‘हेल्थ चेकअप’मध्ये लघवीत जंतू दिसले, तर गोळ्यांचा आग्रह धरू नका, त्रास आहे का, ते डॉक्टरांना नीट सांगा. आणि रुग्णाला कॅथेटर घातलेला असेल, तर तो आज काढता येईल का, हे रोज विचारा. नळी महिनाभर राहिली की तिच्यावर जंतूंचा चिकट थर बसतोच.

संसर्ग टळला तर औषधाची वेळच येत नाही. ज्या स्त्रियांना वारंवार संसर्ग होतो आणि ज्या पाणी कमी पितात, त्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं तर वर्षातल्या खेपा जवळपास निम्म्यावर येतात, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. पण शेतमजूर, पोलीस, एसटी वाहक, बाजारात बसणाऱ्या विक्रेत्या यांना पाणी प्या असं सांगून भागत नाही. त्या दिवसभर तहान मारतात, कारण जायला जागा नसते. मुंबईत २०११ साली सुरू झालेली ‘राइट टू पी’ ही चळवळ याच हक्कासाठी लढत आली आहे. बाईला रस्त्यावर, बाजारात, कामाच्या जागी स्वच्छ स्वच्छतागृह मिळणं हा अँटिबायोटिकच्या प्रश्नाचाही भाग आहे, आणि महापालिका आणि ग्रामपंचायतींनी तो तसाच मानायला हवा.

कायदा आपल्याकडे आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-वन’नुसार महत्त्वाची अनेक अँटिबायोटिकं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानदारानं त्यांची वेगळ्या नोंदवहीत नोंद ठेवून ती तीन वर्षं जपायची असते. पट्टीवरची उभी लाल रेघ हीच सूचना देते. तरी गोळी मागितली की मिळते, आणि मागणारे आपणच असतो.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. लघवीला जळजळ झाली तर लाजू नका, डॉक्टरांकडे जा. ताप असेल, उलट्या होत असतील, रुग्ण गरोदर असेल तर एक दिवसही थांबू नका. त्रास वारंवार होत असेल किंवा आधीच्या गोळीनं फरक पडलेला नसेल, तर पहिल्या डोसच्या आधी कल्चर करून घ्या आणि जुने अहवाल जपून ठेवा. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलं तितकेच दिवस औषध घ्या. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवू नका, शेजारणीला देऊ नका. आणि सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नका. आज न घेतलेली ती गोळी उद्या खरी गरज पडेल तेव्हा लागू पडेल, याची शक्यता त्यानंच वाढते.